गाभण म्हैस आणि एक बेघर नवरा

नव्वदनंतरची गोष्ट. मला सातवा महिना होता आणि झोपेचं पार खोबरं झालं होतं. बारामतीच्या दवाखान्यात तपासणीला बसले होते. शेजारी पणदऱ्याचा एक माणूस होता. त्याची बायकोही पोटुशी; ती सासूबरोबर पलीकडच्या बाकावर बसली होती. तो बसल्या बसल्या पेंगायचा, डोकं माझ्या पिशवीवर आलं की दचकून टोपी सारखी करायचा. टोपीवर कडब्याचा भुसा.

"झोप होत नाही का?" मी विचारलं.

"कुठली झोप! हिला दिवस गेलं तसं आईनं माझं अंथरूण गोठ्यात टाकलं. आता म्हस गाभण हाय. तिच्यापाशीबी गडीमाणूस नको म्हणून तितनं काढलं. ट्रॉलीत झोपतोय."

एवढ्यात त्या तिघांना आत बोलावलं. पडद्याआडून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "आजी, सगळं ठीक आहे. नवरा-बायको जवळ आले तरी बाळाला काही होत नाही. घरात झोपू द्या त्याला."

तो बाहेर आला आणि देवळातून निघाल्यासारखा पडद्याला हात जोडून औषधं आणायला पळाला. सासू त्याच्यामागं गेली. बायको माझ्याशेजारी टेकली आणि कुजबुजली, "आत्याबाईस्नी म्याच पढवलं हुतं. लई घोरत्यात वो हे! म्हशीचं तेवढं आत्याबाईंनी मनानं केलं."

मी घरी आले. पलंगावर आमचे हे भरदुपारी घोरत होते. आपल्याला गोठा नाही, याचं मला जन्मात पहिल्यांदाच वाईट वाटलं.