वानगीची गाठ

रंगूनकर कच्चा तांदूळ खायचा. तीन दाणे जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे, पुढच्या दातांनी एकदाच चावायचं आणि गाव सांगायचं. "ह्यो दहिवलीचा. आनि ह्यो कशेळ्याचा, कापायला उशीर केलाय." एकदा आम्ही गंमत म्हणून कुणा पाहुण्याच्या पिशवीतले जुने दाणे त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने चावले, पण तो डोळे उघडेना. मग म्हणाला, "ह्यो ब्रह्मदेशचा. आता येनार नाय ह्यो."

तो मूळचा कर्जतकडचाच. तरुणपणी रंगूनला गेला आणि तिथल्या बंदरात, बोटीवर चढणाऱ्या तांदळाची पारख करण्यात त्याची वीस वर्षं गेली. जपान्यांनी रंगून घेतलं तेव्हा चालत परत आला. सोबत एकच वस्तू आणली, पोत्यात खुपसून दाणे काढायची पितळी पोकळ सळई. पुढे सरकारने शेतकऱ्यांकडून भात घ्यायला सुरुवात केली आणि खालापुरात धान्याचं गोदाम उघडलं. पारख करायला त्याला ठेवलं, नोंदी करायला मला. मी बावीस वर्षांचा, नोकरी अजून कच्ची. तो मला भाऊसाहेब म्हणायचा.

दुपारी भाकरी खाताना त्याची शाळा भरायची. "भाऊसाहेब, खालापुरात मीठ पिकंल का?"

"कसं पिकेल?"

"पिकंल की. समुद्र तेवढा आनायला लागंल." स्वतःच हसायचा. मग सांगायचा, की ज्याला जे कमी कष्टात साधतं ते त्याने करावं आणि बाकीचं दुसऱ्याकडून घ्यावं. व्यापार म्हणजे तेवढंच. समोर बोरघाट दिसायचा. चौलच्या बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून हाच घाट चढायचा, हे त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. "घोडा आरबाचा, मिरी मलबारची, आनि धूळ खाल्ली आपल्या बैलांनी," म्हणायचा.

मी एकदा अडवलं. "पण एखाद्याला सगळंच दुसऱ्यापेक्षा चांगलं येत असेल तर?"

"आमची बायकोच तशी हाय. भात माझ्यापेक्षा झराझरा लावते, भाकरीबी माझ्यापेक्षा गोल. मग मी काय बसून ऱ्हायचं? नाय. ती लावनीला जाते, मी चुलीम्होरं बसतो. ज्यात मी कमी वाईट, ते माझं काम. दोघांचं मिळून जास्त होतं."

डबा घेऊन आलेली त्याची बायको, आमच्या वहिनी, दारातूनच म्हणाल्या, "कमी वाईट म्हनं! भाऊसाहेब, ती भाकर उलटून बघा आधी. खालून कोळसा हाय."

रंगूनच्या स्वस्त तांदळाने एके काळी कर्जतच्या तांदळाचा भाव पाडला होता, म्हणून लोक त्याला चिडवायचे. तो चिडायचा नाही. "माल आला तवा इथला शेतकरी रडला. बंद झाला तवा मुंबईचा कामगार रडतोय. दार उघडं ठेवावं का कडी लावावी, ह्यावर जगातली मोठी मानसं भांडत्यात. मी आपला उंबऱ्यात बसून दाने चावतो."

मात्र एका गोष्टीत तो थट्टा चालू देत नसे. ती म्हणजे वानगी. माल हलण्याआधी त्यातले दोन मुठी दाणे काढून तो दोन फडक्यांत निम्मे निम्मे बांधायचा. एक पुरचुंडी देणाऱ्याकडे, दुसरी घेणाऱ्याकडे. गाठ त्याची स्वतःची, तिहेरी पिळाची. "रंगूनचा शेट आनि मुंबईचा शेट, दोघांनी एकमेकांचं तोंडबी बघितलेलं नसतं. मधी समुद्र. भरवसा ठेवायचा कशावर? ह्या गाठीवर. तंटा झाला तर दोन्ही सोडायच्या." वानगी हातात दिली की झालं. पावती मागणं त्याला अपमानाचं वाटे. खालापुरातही त्याने तोच रिवाज चालवला. एक पुरचुंडी स्वतःकडे, दुसरी माझ्या टेबलाच्या खणात.

त्या साली खोपोलीच्या कामगारांसाठी गोदामातून तांदूळ निघाला. रंगूनकरने पारखलेला, स्वच्छ. रेशनच्या दुकानात पोती फोडली तेव्हा निघाली कुबट कणी आणि खडे. शिळफाट्यावर बायकांनी गाडी अडवली. एकीने पदरातली कणी आमच्या गोदामप्रमुखांच्या पायावर ओतली. "ह्ये तुमच्या घरी शिजवा!"

चौकशी लागली. गोदामप्रमुखांनी सरळ रंगूनकरकडे बोट दाखवलं. यानेच खराब माल चांगला म्हणून पास केला, म्हणाले. पोती कुणी बदलली ते मी पाहिलं होतं. भर दुपारी, प्रमुखांच्या डोळ्यांदेखत. त्यांनाही ठाऊक होतं की मी पाहिलं. चौकशीच्या सकाळी ते माझ्या टेबलाशी थांबले. "तुझी नोकरी अजून कच्ची आहे ना रे?" एवढंच बोलून गेले.

रंगूनकरने अधिकाऱ्यापुढे आपली पुरचुंडी सोडली. टपोरा, पांढरा तांदूळ.

"ही तू आज सकाळी भरली असशील," अधिकारी म्हणाला.

"म्हनूनच दोन असत्यात, साहेब. दुसरी भाऊसाहेबांकडं हाय. जुळवून बघा."

सगळे माझ्याकडे वळले. खण माझ्या गुडघ्याला टेकलेला होता. मी म्हणालो, "माझ्याकडे काही दिलेलं नाही."

"पावती आहे?" अधिकाऱ्याने त्याला विचारलं.

रंगूनकर माझ्याकडे पाहत राहिला. रागाने नव्हे. अनोळखी तांदूळ चावल्यासारखा. मग म्हणाला, "पावती नाय." आणि आपली पुरचुंडी सावकाश परत बांधू लागला.

त्याला सहा महिन्यांची कैद झाली. माझी नोकरी पक्की झाली.

सुटून आल्यावर तो एकदाच भेटला, कर्जतच्या बाजारात. मला पळता आलं नाही. तो फार वाळला होता. दात पडले होते, पुढचेच. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "वानगी टाकली नाय ना? कीड लागंल. उन्हाळ्यात ऊन दाखवत जा." आणि गेला. पुढच्या वर्षी तो वारल्याचं कानावर आलं.

वीस वर्षं मी दर वैशाखात ती पुरचुंडी गच्चीवर ठेवत आलो. बायको विचारायची, मी म्हणायचो, बियाणं आहे.

गेल्या महिन्यात दहिवलीला त्याच्या घरी गेलो. वहिनी ओसरीवर भात पाखडत होत्या. मी पुरचुंडी त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, सूप थांबलं नाही. मग उठून आत गेल्या आणि तशीच दुसरी पुरचुंडी घेऊन आल्या. दोन्हींच्या गाठी सोडायला त्यांना वेळ लागला. एकाच ताटात दोन बाजूंना दाणे ओतले. दोन्हीकडे पोखरलेले, पिवळे पडलेले. त्यांनी बोटाने मधली जागा पुसली, दाणे एकत्र झाले. कुठले कुणाचे ते मला सांगता येईना.

"जुळला," वहिनी म्हणाल्या. "आता दावायचा कोनाला, भाऊसाहेब?"