कपाटातलं वीरचक्र

"गुरुजी, हात धुऊन आले हाय," असं म्हणून चाची दोन्ही पंजे उलटसुलट करून दाखवायची. मग मी शाळेचं कपाट उघडायचो.

शिरूर तालुक्यातल्या त्या गावात मी मास्तर होतो, आणि कपाटात चाचीच्या मुलाचं वीरचक्र होतं. मुलगा चीनच्या लढाईत गेला. चाची दौंडला गाडीत बसून दिल्लीला गेली, पदक घेऊन आली. दुसऱ्याच दिवशी सरपंचांनी ते सत्काराला म्हणून मागून नेलं आणि सत्कार झाल्यावर शाळेत ठेवलं. "गावाची शान हाय, गावाजवळच राहू द्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती यायची. चिमूटभर राखेनं चांदी घासायची, निळी-केशरी फीत बोटानं सरळ करायची आणि पदकाशी बोलायची. "किती काळा पडलास रं! उन्हात हिंडतूस व्हय?" तेवढा वेळ मी हजेरीपटात डोकं घालून बसायचो.

एकदा म्हणाली, "गुरुजी, ईदला एक दिस घरी न्हेऊ का? सांजच्याला आणून देते."

मी तिला सरपंचांकडे नेलं. सरपंच हसले. "चाची, तुमच्या दाराला धड कडी तरी हाय का? गेलं म्हंजी?"

"आता काय जायाचं ऱ्हायलंय, आप्पा?"

सरपंचांनी पान जमवायला घेतलं. किल्ली माझ्याच खिशात होती. गुपचूप देता आली असती. बदलीला भ्यालो, दुसरं काही नाही.

सव्वीस जानेवारीला पदक मखमलीवर, सरपंच खुर्चीवर आणि चाची सतरंजीवर. एका पाहुण्यांनी तर पदकाला हार घातला आणि आईला विचारलं, "बाई, तुम्ही कोण?"

चाची गेली तेव्हा सरपंचांचा निरोप आला, "पदक घेऊन या, शिरूरचे साहेब येतायत." कफनावर पदक ठेवलं, साहेबांनी फुलं वाहिली, फोटो निघाला. तिच्या घरी ते पदक परत आलं ते असं. जनाजा उचलायच्या आत सरपंचांनी ते माझ्या हातात दिलं. "जागच्या जागी ठेवा, गुरुजी."

ठेवलं मी.

पुढच्या सव्वीस जानेवारीला कपाट उघडलं तर चांदी काळीठिक्कर. सरपंच वैतागले. "अधनंमधनं पुसत तरी जावा की!"

मी राख मागवली, हात धुतले, घासायला बसलो. पण त्याच्याशी काय बोलावं, ते मला सुचेना.