आप्पांचा आणि खंड्याचा उपास

सई आणि नील, तुमच्या कुत्र्याचं, ब्राउनीचं, पोट अचानक बिघडलं आणि तुम्ही दोघं रडवेले झालात, हे फोनवर ऐकलं आणि मला न्हावऱ्याचे आप्पा आठवले. म्हणून लगेच लिहायला बसले.

मी न्हावऱ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायची, तेव्हा आम्ही आप्पांच्या वस्तीवर भाड्यानं राहत होतो. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. नंतर कांदा आणि गाई. आप्पांना उपाशी माणूस बघवत नसे. पोस्टमन येवो की पाहुणा, "आधी खा, मंग बोल" हाच त्यांचा रामराम. स्वतः त्यांनी एकादशीसुद्धा कधी पाळली नव्हती.

त्यांचा कुत्रा खंड्या. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य व्हायचा, आणि देवाच्या कुत्र्यानं घास खाल्ल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. पण वस्तीवर घरं पुष्कळ आणि कुत्रा एकच. त्या वर्षी खंड्यानं एकाही घराचा मान मोडला नाही. दुसऱ्या सकाळी उलट्या, जुलाब, आणि गोठ्यात आडवा.

गुरांच्या डॉक्टरांनी सुई टोचली. आज अन्न बंद, पाणी घोटघोट, उद्या मऊ भात. मधे कुणी काही चारलं तर हा हाती लागणार नाही, असं बजावून ते गेले.

आप्पा म्हणाले, "देवाचं कुत्रं उपाशी आन् मी जेवू व्हय?" आणि काठी घेऊन गोठ्याच्या दारात बसले. बायका पदराआड दूध, भाकरी लपवून येत आणि परत जात. सख्खी बहीणही सुटली नाही. "अक्के, तुझ्या भरतानंच झोपलंय त्ये. वाटी घरी ने."

दुपारपासून आप्पांचं पोट गुरगुरू लागलं. प्रत्येक वेळी खंड्या मान उचलून त्यांच्याकडं बघे. मी तोंडावर पदर धरला.

"हसू नका बाई. आजारी कोण हाय, त्येच मला कळंना."

सकाळी खंड्या उठला, अंग झाडलं आणि अळणी भात चाटूनपुसून खाल्ला. आप्पांनीही त्याच पातेल्यातला घेतला. पहिल्या घासालाच तोंड वाकडं करून म्हणाले, "ह्यापरीस आजार बरा." आणि खंड्याच्या पाठीवर हात ठेवून ढसाढसा रडले.

पुढच्या वर्षी त्यांनी घरोघरचा घास बंद केला. आता आप्पा नाहीत, खंड्याही नाही. चंपाषष्ठीला मात्र सगळ्या वस्तीचा मिळून एकच घास निघतो, नुसत्या रोडग्याचा, आणि तो आप्पांच्या दारात ठेवतात.