यादोरावांचा बिल्ला

आमच्या रुग्णालयात अणुवैद्यक विभाग आहे, फक्त त्यात यंत्र नाही. यंत्र सहा वर्षांपासून येणार आहे. बाकी तयारी चोख: हातभर जाड भिंती, शिशाचं दार, किरणांचं औषध घेतलेल्या रुग्णांसाठी वेगळा संडास, आणि प्रशिक्षित कर्मचारी म्हणून दिघोरीचे यादोराव.

मी शेजारच्या औषधांच्या खिडकीवर बसतो, म्हणून मला सगळं दिसतं. यादोराव नागपूरला दोन महिने प्रशिक्षण घेऊन आले. रोज सकाळी ते मीटर घेऊन रिकाम्या खोलीचे चारही कोपरे तपासतात आणि वहीत ‘शून्य’ लिहितात. त्या थंड खोलीत कोणी डबा ठेवू म्हटलं, की अंगावर धावून येतात. छातीवर किरणं मोजणारा बिल्ला. ड्युटी संपली की तो काढून ठेवायचा असतो, पण हे महाशय लग्नालाही लावून जातात. लाखांदूरला एका मांडवात लोकांनी त्यांना बँकेचा साहेब समजून पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. दर तीन महिन्यांनी बिल्ला तपासणीला जातो आणि शून्य येतं.

या खेपेला शून्य आलं नाही.

यंत्र नाही, औषध नाही, मग किरणं आली कुठून? तीन जणांची समिती बसली. खोली तीनदा धुतली. जो संडास आजवर कोणी वापरलाच नव्हता, त्याला सील ठोकलं. यादोरावांना बजावलं, पटेल असं उत्तर द्या, नाहीतर बिल्ला जमा करून धोबीखान्यात रुजू व्हा. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं. त्या बिल्ल्यावरच तर हा माणूस सहा वर्षं ताठ चालत होता.

समितीच्या मॅडमनी विचारलं, “खरं सांगा, कुठे गेला होतात?”

“घरीच होतो, मॅडम. माह्या बायकोले, रुखमिणीले, थायरॉइडसाठी नागपूरले किरणांचं औषध देल्लं. आठ दिवस साऱ्यायनं तिच्यापासून दूर राहाचं, हे घरी मीच शिकवलो. परसात तिची बाज टाकलो. ताट दुरून सरकवलो.”

“मग?”

“एकटीच जेवत होती. मले घास उतरेना. बाजूले जाऊन बसलो.”

“किती वेळ?”

“ते बिल्ल्यातच हाये ना, मॅडम.”

मॅडमनी अहवालात लिहिलं, की विभाग सुरक्षित आहे, बिल्ला यापुढे खोलीतच खिळ्याला राहील, आणि यादोरावांना अंतर राखण्याचं प्रशिक्षण पुन्हा द्यावं.

नोकरी वाचली. अहवालाची नक्कल घेऊन ते घरी निघाले, तेव्हा मीही सोबत गेलो. रुखमिणीबाई तांदूळ पाखडत होत्या. यादोरावांनी कागदावरच्या शून्य पूर्णांक सहावर बोट ठेवलं.

“हे पाय, तुह्याजवळ बसलो त्याचा आकडा.”

बाईंनी सूप खाली ठेवलं, चष्मा लावला आणि कागद नीट पाहिला.

“येवढाच?” त्या म्हणाल्या.