नामदेवभाऊची लोकरीची वात

गेल्या महिन्यात नामदेवभाऊ गेल्याचा फोन आला. मोताळ्याच्या शोकसभेत तिघे बोलले, आणि तिघांनीही तोच किस्सा सांगितला: कापसाच्या जिनिंगमधल्या इंजिनात तेलाची वात घालायला विसरलेले नामदेवभाऊ. लोक हसले. सवयीनं मीही हसलो... मग घरी येऊन जेवण गेलं नाही. ते वात विसरले नव्हते. त्या दिवशी वात मी घातली होती.

तेव्हा जिनिंगमध्ये जुनं वाफेचं इंजिन होतं. मी वजनकाट्यावर कापूस मोजायचो, ते इंजिनाला तेल द्यायचे. प्रत्येक बेअरिंगवर एक पितळी वाटी असे. वाटीत लोकरीची वात, तिचं एक टोक तेलात आणि दुसरं मधल्या नळीत. तेल आपोआप वातीवर चढून दिवसभर थेंबथेंब बेअरिंगवर पडायचं. इंजिन थांबलं की वात काढायची, सुरू होताना पुन्हा सोडायची. एका सकाळी त्यांना बहिणीकडे उंद्रीला जायचं होतं. मला म्हणाले, "काटेबाबू, मोठ्या बेअरिंगची वात झिजली. नवी घालजो. पण लोकरीचीच बरं, कापसाची नाही."

"काऊन? इथं कापसाचे डोंगर पडले ना!"

"कापूस तेल पिते अन् बसते, भाऊ. पुढं देत नाही. तुह्यासारखा."

मला राग आला. मी मुद्दाम कापसाची जाड वात वळून घातली. दुपारी बेअरिंगमधून धूर निघाला आणि इंजिन किंचाळून थांबलं. मॅनेजर पोचायच्या आत मी वात उपसून सदऱ्याच्या खिशात कोंबली. तेवढ्यात नामदेवभाऊही परतले. मॅनेजर ओरडले, "वाटीत वातच नाही! सकाळी जाताना विसरला ना?" नामदेवभाऊंनी रिकामी वाटी पाहिली, मग माझा खिसा पाहिला. बेअरिंगवर न उतरलेलं तेल माझ्या पोटावर मात्र अगदी शिस्तीत उतरत होतं. ते एवढंच म्हणाले, "हाव साहेब, विसरलो." मी गप्प राहिलो. त्यांना इंजिनावरून काढून कापसाच्या गठाणी उचलायला लावलं, आणि गावानं नाव ठेवलं 'कोरडा नामदेव'.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी विणलेला माझा हिरवा मफलर काट्यावरून नाहीसा झाला. मी जिनिंग डोक्यावर घेतली. नामदेवभाऊंनी माझ्यासोबत गठाणींमागेही शोधलं. पुढं जिनिंग बंद पडली, त्यांनी पिठाची चक्की टाकली, तरी दर हिवाळ्यात भेटले की विचारायचे, "काटेबाबू, सापडला का मफलर?" मला वाटायचं, थट्टा करून राह्यले.

शोकसभेनंतर दोन दिवसांनी त्यांच्या मुलाला सगळं सांगायला चक्कीवर गेलो. ऐकून त्यानं हातावरचं पीठ झटकलं. मग म्हणाला, "काका, इकडं या." चक्कीच्या दांड्याच्या बेअरिंगवर तीच पितळी वाटी बसवलेली होती, भंगारातून आणलेली. त्यानं झाकण उघडलं. आत तेलानं काळपट झालेली वात होती. त्यानं ती चिमटीत धरून उजेडात पिळली...

हिरवी.

"बाबा वर्षाला एकच वात वळत," तो म्हणाला. "डब्यात अजून हातभर लोकर आहे. तुम्हाले पाह्यजे का?"

नको म्हणालो. वात मीच पुन्हा वाटीत सोडली, आणि पहिला थेंब पडेपर्यंत तिथं उभा राहिलो.