पोचमॅडम

पोचमॅडमना काहीही सांगा, त्या 'हो' म्हणायच्या नाहीत. "मॅडम, ती फाइल पाठवता का?" गप्प. "मॅडम, ऐकलंत ना?" मान स्क्रीनमध्ये. आपण कंटाळून जागेवर येऊन बसायचं. वीस मिनिटांनी फाइल यायची आणि मग पलीकडच्या टेबलावरून आवाज यायचा, "हो." कशाला हो, कुणाला हो, तोपर्यंत आपण विसरूनसुद्धा गेलेलो. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाईंना कमी ऐकू येतं. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, शिष्ट आहेत. तिसऱ्या आठवड्यात कळलं की हे त्यांचं तत्त्व आहे. म्हटलं, बोंबला! कानाचं असतं तर मशीन तरी लावता आलं असतं.

मी लालबागचा. आमच्याकडे सगळी कामं 'झालं समज' वर चालतात. शिंप्याला विचारा, "झालं समजा साहेब." म्हणजे कापड अजून पिशवीत आहे. मांडववाल्याला विचारा, "झालं समज रे," म्हणजे बांबू अजून गोदामात. मीही तसाच वाढलो. मॅडमसमोर एकदाच म्हणालो, "झालं समजा मॅडम." त्यांनी चष्मा काढला. "समजू कशाला? झालं की सांग." तेव्हापासून तो चष्मा काढला की मी आधीच मान खाली घालायचो.

आमचं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. काम तसं साधं. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमधले रिपोर्ट डॉक्टरच्या आणि पेशंटच्या फोनवर पोचवायचे. लॅबच्या मशीनमधून रिपोर्ट निघाला की तो एका रांगेत येऊन उभा राहतो. ती रांग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला ब्रोकर म्हणतात. आमचा प्रोग्रॅम, म्हणजे कन्झ्युमर, रांगेतून रिपोर्ट उचलतो, फोनवर पाठवतो आणि ब्रोकरला पोच देतो, की हा मिळाला, आता पुढचा दे. एकदा पोच दिली की ब्रोकर तो रिपोर्ट पुन्हा आपणहून देत नाही. एवढंच. पण मधल्यामध्ये एखादा रिपोर्ट हरवला, तर कुठल्यातरी डॉक्टरला कळतच नाही की आपला पेशंट मरायला टेकलाय. हे मॅडम दर सोमवारी सांगायच्या. शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं. आम्ही माना डोलवायचो आणि मनात वडापाव खायचो.

या कन्झ्युमरच्या सेटिंगवरून त्यांनी माझं डोकं किती खाल्लं असेल! त्यात एक ओळ असते. ती चालू ठेवली की पोच आपोआप जाते, दर पाच सेकंदांनी, काम झालेलं असो वा नसो. सगळं जग ती चालू ठेवतं. मॅडमनी बंद ठेवलेली. एकेक रिपोर्ट फोनवर पोचल्याची खात्री झाली की मगच हातानं लिहिलेली पोच. "मॅडम, किती हळू चालतं हे!" मी म्हणायचो. त्या म्हणायच्या, "माझी आई परळच्या हॉस्पिटलात नर्स होती. गोळी पेशंटच्या हातात ठेवली म्हणून कार्डावर खूण करायची नाही. त्यानं गिळली, तोंड उघडून दाखवलं, की खूण. नर्सची पाठ वळली की गोळी उशीखाली जाते." पोचमॅडम हे नाव मीच पाडलं. आख्ख्या ऑफिसनं उचललं. त्यांच्या कानावर गेलं, तर म्हणाल्या, "बरंय की." चिडल्यासुद्धा नाहीत, तेवढीही मजा नाही.

दुसरी कटकट म्हणजे एका वेळी किती रिपोर्ट उचलायचे. पाचशे उचलता येतात. मॅडमनी वीसच ठेवलेले. "ताटात मावेल तेवढंच वाढून घे." तिसरी कटकट, पाठवण्याआधी प्रत्येक रिपोर्टचा नंबर तपासायचा, हा आधी गेलाय का. एकच रिपोर्ट पेशंटला दोनदा गेला तर तो घाबरतो, म्हणे. नायगावच्या चाळीत वाढलेली ही बाई. फोन आला की खणखणीत "जय भीम", पुढे तासभर दिलखुलास गप्पा, हसणं, कुणाच्या लग्नाची चौकशी. आणि कामाला बसली की ही अशी! मला कळायचं नाही, एकाच माणसात ही दोन माणसं राहतात तरी कशी.

आमच्या भिंतीवर एक टीव्ही होता. रांगेत किती रिपोर्ट तुंबलेत, तो आकडा त्यावर दिसायचा. कमी असला की हिरवा, वाढला की लाल. मालकांना लाल रंगाचं वावडं. गौरीच्या जेवणाचा दिवस होता. निम्मं ऑफिस सुट्टीवर, मॅडम आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलेल्या. सकाळी दहाला मेसेज पाठवणारी कंपनी रडतखडत चालायला लागली आणि आमची रांग तुंबली. आकडा लालभडक. मालक केबिनमधून आले. "नितीन, दुपारी क्लायंट येतायत. हे काय आहे?"

"बघतो सर. झालं समजा."

मला चार वाजता घरी निघायचं होतं. वडे, काळ्या वाटाण्यांची आमटी, गावाहून आलेली आत्या, सगळं वाट बघत होतं. मी ती ओळ चालू केली. विसाचे पाचशे केले. मॅडमचा नियम होता की सेटिंगला हात लावायचा तर दुसऱ्या कुणालातरी दाखवून. दाखवणार कुणाला? खुर्च्यांना? आणि काय सांगू, दोन मिनिटांत आकडा हिरवा! मालकांनी पाठ थोपटली. क्लायंटना तो टीव्ही दाखवला गेला. मी स्वतःवर बेहद्द खूश.

मॅडम चारला आल्या तेव्हा माझी बॅग खांद्यावर होती. टीव्हीकडे बघून त्यांनी विचारलं, "मेसेज कंपनी सकाळपासून रडतेय ना? मग रांग रिकामी कशी?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

झालं होतं असं. आमच्या प्रोग्रॅमनं पाचशे-पाचशे रिपोर्ट कवेत घेतले, ब्रोकरला पोच देऊन टाकली आणि मागे सावकाश पाठवत बसला. पाठवता पाठवता दमून बंद पडला, पुन्हा उठला आणि पोच दिलेले सोडून पुढचे मागायला लागला. हातातले कुठे गेले, हे विचारायला कुणी नव्हतंच. दिवसभर हेच चाललेलं. सकाळपासूनचे निम्म्याहून जास्त रिपोर्ट कुणालाच पोचलेले नव्हते, आणि भिंतीवर हिरवंगार.

मला वाटलं, आता बाई फाडून खाणार. त्या फक्त म्हणाल्या, "बॅग ठेव." ब्रोकर जुने रिपोर्ट आठवडाभर जपून ठेवतो. त्यांनी रांगेचा काटा सकाळी दहावर नेला, माझी दोन्ही सेटिंग उलटी फिरवली आणि सगळं पुन्हा सोडलं. मेसेज कंपनीही एव्हाना ताळ्यावर आली होती. जे आधी गेले होते, ते नंबर तपासून गाळले गेले. ज्या तपासणीला मी वर्षभर शिव्या घातल्या, तीच. पाऊण तासात सगळे गेले. पण मॅडम यादी वाचतच होत्या. एका नावावर बोट थांबलं. काळाचौकीचे एक काका, किडनीचे पेशंट. रक्तात पोटॅशियम भयंकर वाढलेलं. सहा तासांपूर्वीचा रिपोर्ट. "याचं हृदय कधीही थांबू शकतं," त्या म्हणाल्या. डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब ॲडमिट करा. काकांना लावला, कुणी उचलेना. पाच वेळा, सहा वेळा. "चल," म्हणाल्या, रिपोर्टवरचा पत्ता उतरवून घेतला आणि टॅक्सीत बसल्यासुद्धा.

चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर आरती रंगात आलेली. झांजांपुढे फोन कुणाला ऐकू येणार! काका खुर्चीत बसलेले, रंग उतरलेला, बाजूला शहाळं रिकामं आणि हातात सोललेलं केळं. किडनीच्या माणसाला पोटॅशियम वाढल्यावर याहून वाईट फराळ शोधून सापडणार नाही. मॅडम चपला काढून थेट आत गेल्या आणि त्यांच्या हातातलं केळं काढून घेतलं. आरती जागच्या जागी थांबली.

"अगो बाय, कोण तू?" काकी ओरडल्या. "परसाद आसा तो!"

"काकी, ह्यांना आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला न्यायचंय. रिपोर्ट खराब आहे."

काका म्हणाले, "माका काय झालला नाय. जरा पायात जीव नाय, इतक्याच. आरती होवंदे."

"आरती पोरं म्हणतील, तुम्ही उठा," मॅडम म्हणाल्या. मी एका बाजूनं धरलं, शेजाऱ्यानं दुसऱ्या. जिन्यातच काकांचे पाय लटपटले. हॉस्पिटलात डॉक्टरांनी ईसीजीचं मशीन लावलं, कागदाची पट्टी बघितली आणि म्हणाले, आणखी तासाभरानं आणला असता तर कठीण होतं. काकी माझे दोन्ही हात धरून रडायला लागल्या. "देवासारखो इलंस रे पुता! गवर पावली आमका."

आणि मी, नितीन, लालबाग, काय म्हणालो? "असू दे काकी, आमचं कामच आहे."

खाली आल्यावर मॅडम म्हणाल्या, "चूक कुणाची, ते त्यांना सांगायचंय तुला."

"आत्ता? मॅडम, ते आयसीयूत आहेत."

"आत्ता नको. घरी आले की जा आणि सांग."

काका चार दिवसांत घरी आले. मी गेलो नाही. मालकांना मॅडमनी सगळं लिहून दिलं, माझी नोकरी राहावी म्हणून भांडल्याही. पण दर सोमवारी टेबलाजवळ उभ्या राहून एकच शब्द, "सांगितलंस?" कधी म्हणायचो, आज पाऊस. कधी म्हणायचो, आई आजारी. एकदा तर म्हणालो, "मॅडम, माणूस वाचला ना? मग कशाला उकरून काढायचं?" पुढच्या सोमवारी पुन्हा, "सांगितलंस?" काय वैताग होता! दिवाळीनंतर त्या पुण्याच्या नोकरीला लागल्या. शेवटच्या दिवशी केक कापला, हसल्या, सगळ्यांना भेटल्या आणि माझ्यापाशी येऊन तेच. मी म्हणालो, "हो मॅडम. मागच्याच आठवड्यात जाऊन आलो." मग म्हणाल्या, "बरं. सांभाळून राहा." मला सुटल्यासारखं वाटलं. खरंच, आठवडाभर झोपही चांगली लागली.

मग लागेना. त्यांची खुर्ची मला मिळाली, टीव्ही मला मिळाला, नवी पोरं माझ्या सेटिंगला नावं ठेवायला लागली आणि मला उठसूट तो जिना दिसायला लागला. शेवटी पुढच्या गणपतीच्या आधी एका रविवारी मी काळाचौकीला गेलो. काका मखराला कागद चिकटवत बसले होते. काकींनी ओळखलं, पाणी दिलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. घरी लवकर जायचं होतं, म्हणून मी केलं. तुमचा रिपोर्ट माझ्यामुळे सहा तास पडून राहिला. मी देव वगैरे नाही.

काका कागद चिकटवायचे थांबले. काकी म्हणाल्या, "त्या सा तासांत माज्या माणसाचा काय बरावाईट झाला असता तर?" माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायचीही लाज वाटली.

"आमका ठावक आसा," काका हळूच म्हणाले. "तुमची मॅडम हॉस्पिटलातच सांगान गेली. आमच्या हापिसाची चूक, मी मोठी, म्हणान माजी चूक. तुजा नाव घेतल्यान नाय."

"अजून फोन करता ती," काकी म्हणाल्या. "दर म्हयन्याक. ह्यांची तब्येत इचारता आणि मगे इचारता, तो झील इलो काय? मी सांगतंय, नाय गो बाय, अजून इलो नाय."

म्हणजे मी केकची बशी हातात धरून 'हो' म्हणालो, तेव्हा मॅडमना माहीत होतं. मी गॅलरीत आलो आणि त्यांना फोन लावला.

"जय भीम. बोल नितीन."

"मॅडम, मी काळाचौकीला आहे. काका-काकींना सांगितलं. आज. त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोललो."

त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काकी काय म्हणाल्या?"

"रागावल्या. आणि आता पान मांडतायत. जेवून जा म्हणतायत."

"मग फोन काय करत बसलायस? त्या माणसांना ताटकळत ठेवू नकोस. जा, जेव."

मी आत गेलो. काकींनी माझं पान काकांच्या शेजारी मांडलं होतं.