खालून टाकलेला चेंडू

दोह्यावर विमान खाली आलं तेव्हा आधी दिसलं पाणी, वाळू नंतर. मांडीवरची पिशवी मी मुंबईपासून सोडली नव्हती. आत ग्लोव्ह आणि रावेरचे केळीचे वेफर्स. बायकांना पगार देऊन बेसबॉल खेळवणारी स्पर्धा इथे नुकती सुरू होतेय. मला खेळ शिकवणाऱ्या सरांनी माझं नाव पाठवलं होतं. निवड झाली तर खेळाडू, नाहीतर परत वखारीत केळी भरायला. नववीत शाळा सुटलेली, तिसरा रस्ता नव्हता.

उतरले दोह्याजवळ मेसईदला, सरांच्या बहिणीकडे. कारखान्यांची धुराडी आणि ओळीनं कंपनीची एकसारखी घरं. सुनंदाताईंनी शेवभाजी वाढली.

"खा गं बाई, उपाशीपोटी हात फिरणार का?"

मी वरची शेव तेवढी वेचून खाल्ली.

सकाळी बसनं दोहा. मैदानाबाहेर ताईंनी करक (आटवलेला वेलचीचा चहा) पाजला. आत उन्हात हिरवळ अशी, की बूट ठेवायला जीव होईना.

मी वाढले सॉफ्टबॉलवर. तिथे चेंडू कमरेखालून टाकतात, बेसबॉलमध्ये खांद्यावरून. सरांनी ओरडून ओरडून माझा हात वर आणला होता. पण समोर उंच बॅटवाली उभी राहिली, पहिले चेंडू भलतीकडेच गेले, आणि घाबरून हात जुन्या सवयीनं खालून फिरला. तिची बॅट नुसती हवेत.

मनात म्हटलं, खलास (संपलं). निवड करणाऱ्या कोचबाई पंचांशी बोलायला गेल्या. माझे डोळे भरले. माझे चेंडू झेलणारी कॅचर रुबीना, लाहोरची, धावत आली.

"रो क्यों रही है, पगली?"

"गलत डाला ना मैंने."

"किसने कहा? बेसबॉल में नीचे से मना थोड़ी है! मैडम बोल रही हैं, वैसा ही डाल. यल्ला (चल)!"

मग खालूनच टाकत राहिले. उंच बाई शेवटी हसून बॅट टेकवून उभी राहिली. दुपारी कोचबाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "वेलकम." वेफर्स रुबीनानं संपवले.

सरांना फोन लावला. "सर, निवड झाली. पण हात खालूनच गेला."

"आँ? चालतं तिथं?"

"चालतं म्हणे."

सर ओरडले, "म्हणजे मी वर्षभर उगाच बोंबललो की काय!"

आता सामान आणायला गावी निघालेय. देवाचे, ताईंचे, त्या लाहोरच्या पोरीचे किती उपकार मानू. येताना मांडीवर धरलेली पिशवी या वेळी पायाशी ठेवली, आणि विमान हलायच्या आतच मला झोप लागली.